ठरावातलं चौथं कलम गाळा : कोकणातल्या काजू कारखानदारांना खुलं पत्र

सावंतवाडी

कोकणातल्या आणि चंदगड-आजऱ्यातल्या समस्त काजू कारखानदार मंडळींना,

स. न. वि. वि.

परवा तुमची सभा झाली तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. बोलावणं नव्हतं. पण वीसेक वर्षं तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्यांसाठी परदेशात बी तपासत फिरलेला माणूस, म्हणून दारात कोणी अडवलं नाही. चहाबरोबर बशीत ३२० नंबरचे खारे गर होते. जुन्या सवयीनं एक उचलला, दोन पाकळ्या केल्या, आत डाग आहे का बघितलं आणि मग तोंडात टाकला. माल चांगला होता.

ठरावाचा मसुदा वाचून दाखवला गेला. सहा कलमं. बँकेचं व्याज, विजेचा दर, कामगार मिळत नाहीत वगैरे. पाच कलमांबद्दल मला काही म्हणायचं नाही. चौथ्या कलमाचा आशय असा होता, की आफ्रिकी देशांनी कच्च्या बीच्या निर्यातीवर घातलेली बंदी आणि कर उठवावेत म्हणून केंद्र सरकारनं त्यांच्यावर दबाव आणावा. ह्या कलमाला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. मग एक वक्ते म्हणाले, "त्यांच्याकडे झाडं आपोआप उगवतात, बी फोडायची अक्कल नाही, आणि आता माज आलाय." हशा पिकला. माझ्या शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

मी उठून बोलायला हवं होतं, पण बसून राहिलो. चार दिवस ते पोटात घोळत राहिलं, म्हणून हे पत्र.

आधी एक बारीकशी गोष्ट. सभेत प्रत्येक जण "आफ्रिका, आफ्रिका" म्हणत होता. पण सौदा करताना तुम्ही कधी "आफ्रिकेचा माल" म्हणता का? तेव्हा बेनिन वेगळा, आयव्हरी कोस्ट वेगळा, गिनी-बिसाव वेगळा, टांझानिया वेगळा. बिसावच्या बीला पन्नासच्या वरचा उतारा (म्हणजे पोत्यामागे निघणाऱ्या गराचे पौंड) मिळतो म्हणून तुम्ही चार पैसे जास्त मोजता, आणि घानाचा माल आयव्हरीच्या नावानं आला तर एजंटाला फैलावर घेता. पोत्यापुढे बसलं की तुम्हाला सगळे देश तोंडपाठ असतात, मग माइकपुढे त्यांचा एकच देश कसा होतो?

आता "फोडायची अक्कल नाही" ह्याबद्दल.

मोझांबिकचं नाव सभेत कोणी काढलं नाही. काढायला हवं होतं, कारण काजूच्या बाबतीत तो आपला सख्खा भाऊ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला तो आपल्या गोव्यात आणि त्यांच्या मोझांबिकात. शब्दसुद्धा तोच. पोर्तुगीजमध्ये 'काजू', आपल्यातही काजू. नाम्पुलाच्या बाजारात मला भाषा येत नव्हती तेव्हाही हा एक शब्द मात्र कळायचा. ते बोंडूची दारू गाळतात, आपणही गाळतो. आणि १७५२ सालापर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालायचा. तिथला अधिकारी इथल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली. हे आपल्या शाळेत शिकवलं नाही, मला ते तिकडे गेल्यावर कळलं. तिथला स्वातंत्र्यलढा चालवणाऱ्या फ्रेलिमोच्या विचारवंतांत बार्देशात जन्मलेले अकिनो द ब्रागांझा होते. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल ज्या विमान अपघातात गेले, त्याच विमानात तेही होते.

तर ह्या मोझांबिकात १९७२-७३च्या सुमाराला दोन लाख टनांच्या वर बी बाजारात यायची. त्या काळी जगात पहिला नंबर त्यांचा. आधीची कित्येक वर्षं ती बी पडावातून, बोटीतून हिंदुस्थानात यायची आणि आपल्याकडच्या बाया ती फोडायच्या. पण पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात तिकडेच मोठे कारखाने उभे राहिले. राजधानी लोरेन्सो मार्केश, म्हणजे आजचं मापुतो. तिथल्या शामांकुलू वस्तीतल्या मोठ्या कारखान्याला कामगार बाया 'ताराना' म्हणायच्या, कारण मालक भारतीय वंशाचे, जिवा जमाल थारानी. दक्षिणेकडच्या गावांतले पुरुष दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत जायचे, घर आणि शेत बायकांवर. त्यातल्या विधवा, टाकलेल्या, नवऱ्याचा पैसा न येणाऱ्या अशा हजारो बाया शहरात येऊन काजू फोडायला लागल्या. आमच्या मुंबईकर चाकरमान्यांच्या बायकांनी मागे काय काय ओढलं ते आठवा, म्हणजे वेगळं सांगायला नको.

ह्या सगळ्याच्या मागे 'शिबालो' होता, म्हणजे वेठबिगारी. कर भरला नाही, कामाचा कागद जवळ नसला, की पोलीस धरून नेत आणि रस्त्यावर, मळ्यावर जुंपत. उत्तरेकडे तर १९३८ पासून घराघराला कापूस पेरायची सक्ती होती. पोटाला दाणा नाही, पण पोर्तुगालच्या गिरण्यांना कापूस पाहिजे. अशा देशात काजूचं झाड हे गरिबाला आधार होतं. त्यावर फार राबावं लागत नाही. वक्ते म्हणाले ते तेवढ्यापुरतं खरं आहे, झाड आपोआप उगवतं. मग आपल्या आजोबांच्या कातळावरचं तरी कोणी लावलं होतं?

२५ जून १९७५ला देश स्वतंत्र झाला. बहुतेक पोर्तुगीज सामानसुमान घेऊन निघून गेले. नव्या सरकारनं कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली, कारण आपली बी आपल्याच कारखान्यात फुटली पाहिजे. मग १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी. दहाएक लाख माणसं गेली असं म्हणतात. रस्त्यात सुरुंग, बागेत जायची चोरी, झाडं म्हातारी झाली. तरी रोममध्ये तह झाला तेव्हा कारखाने उभे होते, यंत्रं होती, बी फोडायचं अंगवळणी पडलेल्या हजारो बाया होत्या.

१९९४-९५ मध्ये सरकारनं हे कारखाने खाजगी मालकांना विकले. विकताना शब्द दिला होता, की काही वर्षं कच्च्या बीवरचा निर्यात कर राहील, तेवढ्यात तुम्ही पायावर उभे राहा. पण देश कर्जात बुडालेला, आणि कर्ज देणारी जागतिक बँक. कारखाने विकून महिने लोटले नाहीत तोच बँकेनं अट घातली, बीची निर्यात मोकळी करा. कर २० टक्क्यांवरून १४ वर आला आणि पुढे पार शून्यावर न्यायचं ठरलं.

बँकेचा हिशेब कागदावर वेडगळ नव्हता. शेतकऱ्याला स्पर्धेचा भाव मिळेल, कारखाने नालायक आहेत, त्यांना शेतकऱ्यानं का पोसायचं? हाच मुद्दा मी इथल्या शेतकऱ्याच्या तोंडून तुमच्याबद्दल ऐकलाय, तेव्हा त्याला हसू नका. पण झालं काय? नंतर अर्थतज्ज्ञांनी बसून हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात ह्या सगळ्या सुधारणेतून वर्षाला जास्तीत जास्त ५ डॉलर ३० सेंट पडले. अख्ख्या वर्षाला! आणि दुसऱ्या बाजूला शहरातले कारखाने एकामागून एक बंद. २००१ पर्यंत दहा हजारांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात बाया बहुसंख्य.

१९९७च्या फेब्रुवारीत बँकेचे अध्यक्ष वुल्फेन्सन मापुतोला गेले, तेव्हा कामगार आणि मालक दोघांनी मिळून त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. मग अभ्यास नेमला. बँकेच्याच पैशानं झालेल्या त्या अभ्यासानंही सांगितलं, की शेतकऱ्याच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. कार्लोस कार्दोझो नावाचा पत्रकार 'मेतिकाल' नावाचं छोटंसं दैनिक फॅक्सवरून घरोघरी पाठवायचा आणि त्यात काजू कामगारांची बाजू सतत लावून धरायचा. २००० सालच्या नोव्हेंबरात मापुतोच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या. काजूसाठी नव्हे, तो एका बँक घोटाळ्याच्या मागे लागला होता म्हणून. पण काजूवाल्या बायांचा बोलणारा माणूस गेला. त्याआधी १९९९ मध्ये त्यांच्या संसदेनं बँकेची पर्वा न करता कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांवर नेला होता. तोवर कारखान्यांच्या पत्र्यांना गंज चढला होता.

आणि ती बी गेली कुठे? आपल्याकडे आली. बरीचशी कोल्लम आणि मंगळुरूकडे, थोडी गोव्यात, थोडी आपल्या पट्ट्यात. आपला हंगाम मार्च ते मे. तिकडचा ऑक्टोबर ते जानेवारी. तिकडच्या बीमुळे आपल्या भट्ट्या बाराही महिने पेटत्या राहिल्या. तुमच्यातल्या कित्येकांच्या दुसऱ्या शेडची कौलं त्या बीनं चढवली आहेत. माझ्या घराची तर नक्कीच.

२००६ साली मी अंगोशेला होतो. उत्तरेकडचं किनाऱ्यावरचं गाव, वाळू, नारळ, जुन्या मशिदी. थेट आपल्या वेंगुर्ल्यासारखा वास. एका बंद कारखान्याच्या फाटकापाशी एक म्हातारी उकडलेला कसावा विकत बसली होती. आमच्या ड्रायव्हरनं तिला माखुआ ह्या तिकडच्या भाषेत सांगितलं, की हा बाबा भारतातून काजू घ्यायला आलाय. तिनं काही न बोलता उजवा हात पुढे केला. अंगठा आणि शेजारच्या बोटाची कातडी काळी पडून जाड झालेली, नखाची कड खाल्लेली. टरफलातल्या चिकानं होतं ते. मला तो हात ओळखीचा होता. माझी आत्या वेंगुर्ल्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं होती. हाताला राख नाहीतर खोबरेल लावून बसायची, तरी तिचा अंगठा असाच. लग्नकार्यात ती हात पदराखाली धरायची.

मी त्या बाईला खिशातला बी चिरायचा माझा कटर दाखवला. तिनं हातात घेऊन पात्याला अंगठा लावून बघितला आणि नापसंतीचा आवाज काढला. मग ड्रायव्हरमार्फत विचारलं, आमची बी आता तुमच्याकडच्या बायका फोडतात ना? मी हो म्हटलं. त्यांना पगार वेळच्या वेळी मिळतो का? तिचे कारखाना बंद झाला तेव्हाचे कित्येक महिन्यांचे पैसे अडकले होते, ते मला नंतर कळलं.

मी हो म्हणालो. ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं, तुम्हालाही माहीत आहे.

तेव्हा वक्त्यांना माझं इतकंच सांगणं आहे, की अक्कल होती. आपल्यापेक्षा कमी नव्हती. तिच्यावर कुलूप पडलं आणि त्याचा फायदा आपल्याला झाला. कुलूप आपण घातलं असं मी म्हणत नाही, आपल्याला कोणी विचारलंही नव्हतं. पण ज्याच्या बंद दुकानावर आपलं दुकान चाललं, त्याच्या अकलेवर हसू तरी नये.

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल, निवृत्त झाल्यावर ह्याला शहाणपण सुचलं.

तुम्हाला कटिंग टेस्ट ठाऊक आहे, पण हे पत्र बाहेरचेही वाचतील, म्हणून सांगतो. ढिगातल्या निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ बी काढायची, मिसळायची, त्यातली एक किलो तोलायची. दाणे मोजायचे. मोझांबिकची बी बारीक, किलोला दोनशेच्या आसपास बसते. मग एकेक दाणा कटरनं उभा चिरायचा आणि कप्पे करायचे. चांगला, डागी, सुरकुतलेला, पोकळ. चांगल्या गराचं वजन पुरं धरायचं, डागी नि कोवळ्याचं निम्मं. एका किलोत २७२ ग्रॅम भरले की ८० किलोच्या पोत्याला ४८ पौंड उतारा. सगळा भाव ह्या एका आकड्यावर. अर्ध्या तासाचं काम. शेतकरी समोर उकिडवा बसून माझ्या हाताकडे बघत असतो आणि त्याचं वर्ष माझ्या ताटलीत असतं.

एका हंगामात मी ज्या व्यापाऱ्याकडे होतो त्यानं फोनवर सांगितलं, सत्तेचाळीस निघाला तर चव्वेचाळीस लिही. तीन पौंडांचा खड्डा. डागी दाणे जरा जास्त धरले, निम्म्याच्या जागी सोडून दिले, की आकडा आपोआप खाली येतो, खोटं बोलावंही लागत नाही. आजूबाजूला दुसरा कारखाना नव्हता. दुसरा गिऱ्हाईक होता, पण तोही आपलाच, त्याच लॉजवर उतरलेला, रात्री आम्ही एकत्र वरण-भात करून खायचो. शेतकरी माल घेऊन जाणार कुठे? मी तीन आठवडे चव्वेचाळीस लिहिलं. मग ताप आला म्हणून परतलो. नैतिक धैर्य वगैरे काही नव्हतं, खरोखरचा मलेरिया होता.

शेजारी कारखाना असता तर तो शेतकरी माझं ताट ढकलून उठला असता. भाव ठरवायला दारात दुसरा माणूस लागतो. जागतिक बँकेच्या हिशेबात ही गोष्ट बसली नव्हती. आपल्याकडचा शेतकरी निदान चार व्यापाऱ्यांना फोन लावू शकतो.

म्हणून बेनिननं १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर न्यायला बंदी केली तेव्हा मला राग आला नाही. कोटोनूपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर ग्लो-जिग्बे नावाची औद्योगिक वसाहत त्यांनी उभी केली आहे, तिथे बी फुटावी अशी त्यांची इच्छा. आयव्हरी कोस्टचं तर कौतुकच करायला हवं. त्यांच्या उत्तरेकडच्या माळावर काजू लावला गेला तो धूप थांबावी, जंगल राहावं म्हणून, साधारण १९६०च्या सुमाराला. बीचा विचारही फारसा नव्हता. आज तो देश वर्षाला दहा लाख टनांहून अधिक बी काढतो आणि जगात पहिला आहे. दर हंगामाला सरकार बांधावरचा किमान भाव जाहीर करतं. २०२४ मध्ये किलोला २७५ सीएफए फ्रँक होता, २०२५ मध्ये ४२५. भाव कागदावरच राहतो अशीही तक्रार असते, आपल्याकडच्या हमीभावासारखीच. पण फोडण्याचं काम दरवर्षी थोडंथोडं तिकडे सरकतंय.

दुसऱ्या टोकाला गिनी-बिसाव. तुमच्या लाडक्या बिसाव मालाचा देश. त्यांच्या निर्यातीतला नव्वद टक्क्यांच्या आसपास हिस्सा एकट्या काजू बीचा, आणि ती बहुतेक सगळी आपल्याकडे येत आली आहे. खेड्यात बीच्या बदल्यात तांदूळ द्यायची पद्धत मी डोळ्यांनी बघितली आहे. हंगामात एजंट तांदळाची पोती घेऊन येतो आणि काजूची घेऊन जातो. ज्या वर्षी आपण भाव पाडतो त्या वर्षी तिथे लोक एक वेळ जेवतात. अख्खा देश एका दाण्यावर आणि तो दाणा एका गिऱ्हाइकावर. सभेत त्याला मैत्री म्हणत होते.

बंदी घातली म्हणजे भलं होतंच, असं मी म्हणत नाही. टांझानियाचं बघा. सत्तरीच्या दशकात त्यांनी लोकांना नव्या गावांत हलवलं, झाडं मागे राहिली, लोक पुढे गेले. १९७३-७४ मध्ये १ लाख ४५ हजार टनांच्या आसपास असलेलं पीक पंधरा वर्षांत वीस हजारांच्या आत आलं. आणि नेमकं त्याच वेळी जागतिक बँकेच्याच कर्जातून डझनभर फोडणी कारखाने बांधले! यंत्रं आली, बी नाही. २०१८च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी दक्षिणेकडच्या मट्वारात लष्कराचे ट्रक पाठवून ३,३०० शिलिंग किलोनं बी उचलली. मोठा गाजावाजा झाला, पण माल गोदामात पडून राहिला आणि कित्येकांना पैसे मिळायला महिने लागले. आणि बंदी असली की बी रात्री शेजारच्या देशात जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातल्या काहींनी ती विकत घेतली आहे.

पण चुका करायचा हक्क त्यांचा आहे. आपणही केल्याच की! १९७० साली आपल्या सरकारनं काजू महामंडळ काढून बाहेरची सगळी बी आपल्या हातून आणायचा घाट घातला होता, तेव्हा कोट्यासाठी तुमचे वडील कुणाकुणाच्या दारात उभे राहिले ते घरी विचारा.

आता ज्या गोष्टीमुळे मला तुमच्या चौथ्या कलमाची खरोखर लाज वाटली ती सांगतो. आपण त्यांना म्हणतो, तुमची बी मोकळी करा, व्यापार खुला पाहिजे. कच्च्या बीवर आपण २०१८ मध्ये आयात शुल्क पाचावरून अडीच टक्क्यांवर आणलं, तुमच्याच मागणीवरून. आणि गर? त्यांनी फोडलेला, सोललेला गर आपल्या बाजारात यायचा म्हटलं तर? जून २०१९ मध्ये दिल्लीनं अट घातली, की अख्खा गर किलोला ७२० रुपयांच्या आत आणि तुकडा ६८० च्या आत असेल तर आणायचाच नाही. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात गरावरचं शुल्क ४५ वरून ७० टक्के. तेही तुमच्याच मागणीवरून, मला आठवतं, पेढे वाटले होते.

म्हणजे त्यांनी बी द्यावी, गर देऊ नये. झाड त्यांचं, फोडणी आमची. हे तुम्ही मागितलंत आणि मिळवलंत, धंद्यात माणूस आपलं बघतो, मी समजू शकतो. पण स्वतःच्या दाराला सत्तर टक्क्यांचा अडसर लावून दुसऱ्याच्या कडीवर "दबाव आणा" म्हणायचं, हे कोणत्या तोंडानं? त्यांची बंदी आणि आपला अडसर ह्यात मला तरी फरक दिसत नाही. दोघंही आपापल्या बायांच्या हातचं काम राखताहेत.

आणि हॉलबाहेर काय चाललं होतं ते तुम्ही बघितलंत का? फाटकापाशी दहा-पंधरा शेतकरी कागद घेऊन उभे होते. त्यांची मागणी तुमच्या बरोब्बर उलट, की बाहेरच्या बीवर शुल्क वाढवा, तिच्यामुळे आमचा दर पडतो. त्यांना २०२४च्या हंगामासाठी सरकारनं किलोला दहा रुपये अनुदान जाहीर केलं, त्यावर बोळवण. आमच्या वाडीतला एक जण त्यात होता, दोन एकर कातळावर वेंगुर्ला-चार ही काजूची जात लावलीय त्यानं. मी त्याला म्हटलं, आयव्हरी कोस्टचा शेतकरीही तुझ्यासारखाच व्यापाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. तो म्हणाला, "मग त्यानं आपली बी तिथेच फोडावी की, माझा दर तरी वाढेल." तुमच्या सभेतल्या तासभराच्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त हिशेबी वाटलं.

तेव्हा विनंती अशी. चौथं कलम गाळा. दिल्लीला पाठवायच्या कागदावर ते ठेवू नका. त्याच्या जागी काही लिहायचंच असेल तर सुचवतो. आपल्याकडे सोलणीत तयार झालेल्या बाया आहेत, यंत्रांची बारीकसारीक दुरुस्ती करणारे फिटर आहेत, प्रतवारीची नजर आहे. बेनिन आणि आयव्हरी कोस्टमधल्या नव्या कारखान्यांना नेमकं हेच कमी पडतं. अख्खा गर कमी निघतो, तुकडा जास्त. तिथे भागीत उतरा. काही गुजराती आणि केरळी मंडळी उतरलीही आहेत. त्यांनी साल न काढलेला गर पाठवला तर तो सोलून, भाजून, डब्यात भरायचं काम इथे होऊ शकतं, त्यासाठी सरकारकडे शुल्कात सवलत मागा. आणि इथल्या शेतकऱ्याशी हंगामाआधी दर ठरवून लेखी करार करा. बाहेरची बी कमी झाली तर उद्या तोच तुमच्या कामाला येणार आहे.

हे सगळं तुमच्या फायद्याचं म्हणून सांगतोय असं नाही. फायदा होईल की नाही ते तुम्ही बघा, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. मला फक्त ते वाक्य आणि तो हशा कागदावर जायला नको आहे.

मसुदा पुन्हा लिहायला पुढच्या आठवड्यात बसणार आहात असं ऐकतो. बोलावलंत तर येईन. माझा जुना कटर अजून चालतो, पात्याला धार लावून घेतली आहे. येताना एक किलो बेनिनची आणि एक किलो आपल्या कातळावरची बी आणतो. टेबलावर दोन्ही कापू, आकडा कोणीही एकानं मोठ्यानं वाचावा, आणि मग चौथ्या कलमाचं काय करायचं ते ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना कटिंगवाला